कापूस नको

शाणू पागीने फोनवर यादी पाठवली,
सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: कापूस नको.
मी कपाट उघडून उभी राहिले.
कापूस सोडून माझ्याकडे आहे काय?
परकर, पोलकी, खांद्यावर विरलेले कुर्ते,
नेसून नेसून पाण्यासारख्या झालेल्या साड्या.
झोपते तीही कापसावर.

चावडीच्या पोस्टात एकतीस वर्षं
मी लोकांची पार्सलं तोलली.
मस्कतला जाणारी भिंडांची सोलं,
पुण्याच्या मुलाला खोबऱ्याच्या वड्या,
एकदा तर नुसती एक चप्पल, उजव्या पायाची.
मी सांगायचे, आत जागा राहिली की हलतं,
हललं की फुटतं.
कोपऱ्यांत कागद कोंबा, टाके जवळजवळ घाला.
आता माझ्याच वाट्याला एक नारिंगी पिशवी,
वीस लिटरची, रबरी वासाची.
तोंड तीनदा गुंडाळायचं आणि चाप लावायचा.
पण शाणूने खाली लिहिलंय,
आत थोडी हवा राहू द्या. हवा असली की तरंगते.

एकतीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तर मग पुतण्याची फुटबॉलची जर्सी, नंबर चौदा,
बगलेत उसवलेली, ती शिवली.
शनिवारच्या बाजारातली नायलॉनची विजार,
दुकानदाराने विचारलं, कोणासाठी?
बंदांच्या चपला. टोपी, हनुवटीखाली दोरी.
चष्म्याला परकराची जुनी नाडी
(कापसाची. एवढा एक कापूस मी चोरून नेणार आहे).
पाण्याच्या दोन बाटल्या, मीठ-साखरेची पुडी,
आणि एक सुका जोड, परत आल्यावर घालायला.
ही ओळ मी दोनदा वाचली.
परत आल्यावर.

यादीच्या तळाशी फॉर्म.
वय: बासष्ट. पोहता येतं का: नाही.
काही झाल्यास कोणाला कळवावं:
हा रकाना मी ओळखते.
पार्सलाच्या कोपऱ्यात असायचा, पाठवणाऱ्याचा पत्ता.
लोक रिकामा सोडायचे, मी पार्सल परत सरकवायचे,
न पोचलं तर कुठे पाठवू, सांगा?
एक म्हातारा म्हणाला होता,
पावतलें गो बाय, पावतलें.
मी तरीही घेतलं नव्हतं.
आता पेन धरून मीच बसलेली.
पुतण्या शारजात, रात्रपाळीला.
बहिणीला फोनवर ऐकू येत नाही,
ती आपली हो हो म्हणते.
शेवटी लिहिलं: पोस्टमास्तर, चावडी.

पाळोळ्याच्या वाळूवर सकाळी सात वाजता
शाणूने फॉर्म वाचला. हसला नाही.
पिशवी उघडून मात्र टॉवेल बाहेर काढला,
स्टीलचा डबा काढला,
बाय, दर्यांत कापूस जड जाता,
आणि दोन्ही आईच्या हवाली केले.
ती मासे सोलत होती, न बघता मांडीखाली सारले.
मग जाकीट. एकेक पट्टा ओढत तो विचारी, घट्ट?
मी म्हणे, घट्ट.
तो आणखी ओढी.
सैल राहिलं तर जाकीट वर निघून जातं, म्हणाला,
माणूस खाली राहतो.
माझा श्वास बरगड्यांशी येऊन थांबला.
कुठेही हलायला जागा नाही.
असं बांधलेलं मी काउंटरवर
बिनशर्त घेतलं असतं.

होडी म्हणजे एक पिवळी साल.
त्याने ढकलली आणि बुडाखाली
वाळूचा आवाज बंद झाला.

पहिलीच लाट मांडीवर बसली, पाहुण्यासारखी,
दुसरी थेट तोंडावर.
बेटाला वळसा घालेपर्यंत जर्सी सुकलीसुद्धा,
चौदा नंबर पाठीवर चटचटत होता.
नाडी तेवढी ओली राहिली,
कानामागे, गार,
दिवसभर.